माडाच्या गुळाच्या सुकामेवा वड्या

गोव्याच्या दमट हवेत घरी केलेल्या सुकामेव्याच्या वड्या दोन दिवसांत चिकट होतात, ही नेहमीची रड. खरी मेख पाकात असते.

1 वाटी काजूतुकडा (अख्खे काजू इथे वाया घालवू नका, तुकडा स्वस्त पडतो), अर्धी वाटी शेंगदाणे आणि पाव वाटी तीळ मंद आचेवर वेगवेगळे भाजून पूर्ण गार करा. 8-10 बिया काढलेले खजूर बारीक चिरा. आंब्याचं साठ (आंबापोळी) कात्रीने बोटाच्या पेराएवढं कापा.

आता पाऊण वाटी माडाचा (नारळाच्या झाडाच्या रसाचा) काळा गूळ, किसून. बाजारातल्या त्या सुळकेदार ढेपेत कधीकधी कचरा असतो, म्हणून 2 चमचे पाण्यात विरघळवून गाळूनच घ्या. चमचाभर तूप, चिमूटभर मीठ घालून उकळा. थेंब गार पाण्यात टाकून बघा: पसरला तर पाक कच्चा, वडी ओलसर राहणार. टणक झाला, कटकन मोडला, तर चिक्की होईल. बोटांनी घट्टसर गोळी वळली की गॅस बंद.

खजूर आणि भाजलेला मेवा लगेच मिसळा, साठ मात्र शेवटी, नाहीतर ते वितळून सगळ्याचा लगदा होतो. तूप लावलेल्या ताटात थापून वाटीच्या बुडाने जोर लावून दाबा. हात आखडता घेतलात तर कापताना भुगा! कोमट असतानाच सुरीने रेघा मारा.

पावसाळ्यात एकेक वडी बटर पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओल्या हाताने डबा उघडायचा नाही, मुलांनीसुद्धा.