उपासना चालवायला शिकताना: नव्या सेवकांसाठी इंदूरहून

पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एक आणि मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे ख्रिस्ती सभासद, तीन-चार, हे माळव्यात नवं नाही. इंदूरच्या आसपासच्या छोट्या मंडळ्यांत दर रविवारी दीक्षित, म्हणजे रीतसर दीक्षा मिळालेला, पाळक पोचेलच असं नसतं. तेव्हा उपासना चालवतो तो बँकेतला कारकून, रेल्वेतून निवृत्त झालेले कुणी काका किंवा माझ्यासारखी शाळेतली बाई. नोकरी सांभाळून मी हे काम करत आले, आता नव्यांना तयार करते. ज्यांना यात उतरायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

1877 साली कॅनडाचे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी इंदूर आणि महूला आले. त्यांच्या परंपरेत पाळक आणि मंडळीने निवडलेले ‘वडील’ (ज्येष्ठ सभासद) मिळून कारभार पाहतात, त्यामुळे आपल्याकडे सामान्य सभासदाच्या खांद्यावर जबाबदारी पहिल्यापासून आहे. इंग्लंडच्या मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाने तर अठराव्या शतकापासून स्थानिक उपदेशक, म्हणजे दीक्षा न घेता संदेश देणारे सभासद, घडवले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात हे दोन्ही प्रवाह मिळाले. मेथडिस्टांची एक रीत मला फार पटते. कुठल्या रविवारी कुठल्या चर्चमध्ये कोण, हे तीन-तीन महिन्यांचं वेळापत्रक आधीच ठरतं, आणि नवा माणूस अगोदर अनुभवी उपदेशकाच्या सोबतीने जातो, मग उमेदवारी करतो, मगच त्याला मान्यता मिळते. आपल्या मंडळ्यांनी निदान ही सोबत तरी उचलावी.

येणारा प्रत्येक जण संदेश (प्रवचन) द्यायच्या ओढीने येतो. ती ओढ चांगली, पण सुरुवात तिथून नको. संदेश पंधरा-वीस मिनिटांचा. त्याच्या अलीकडे-पलीकडे उपासनेचं आवाहन, स्तुती, पापकबुली, शास्त्रवाचन, विश्वासांगीकार (आपली श्रद्धा सगळ्यांनी मिळून म्हणणं), मध्यस्थीची प्रार्थना (इतरांसाठीची), अर्पण असं सगळं असतं, आणि मंडळी खरी बोलते ती तिथे. म्हणून मी नव्या माणसाला आधी वाचन देते.

शनिवारी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये सराव करायचा. वाचणारा पुढे उभा, मी शेवटच्या बाकावर. एका मुलीकडे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय होता, घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाची आणि घरी राहिलेल्या मोठ्याची गोष्ट. धाकटा मुलगा घरी परत येतो तिथपर्यंत ती छान वाचायची, मोठ्या भावाचा भाग मात्र घाईत उरकायची. मी विचारलं, ‘‘मोठा रागावून आत येत नाही, तेव्हा बाप कुठे उभा आहे?’’ तिने पुन्हा ओळ पाहिली. ‘‘बाहेर. त्याची समजूत घालायला बाहेर आलाय.’’ थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, ‘‘म्हणजे दोन्ही मुलांसाठी बाप घराबाहेर आला, ताई.’’ त्यानंतर तिच्या वाचनात तिथे आपोआप थांबा आला. पुढे तिने पहिला संदेश दिला तो याच एका मुद्द्यावर. नीट वाचता आलं की संदेशाची अर्धी तयारी झालेली असते.

मध्यस्थीच्या प्रार्थनेची तयारी घराघरांतून होते. कोण दवाखान्यात आहे, कुणाचं बारावीचं वर्ष आहे, कुणाचं काम सुटलंय, हे आठवडाभर विचारत राहा. आजाराचं नाव व्यासपीठावरून घ्यायचं असेल तर त्या घरची परवानगी आधी घ्या. आणि प्रार्थनेत उपदेश करू नका. देवाशी बोलत असताना मंडळीला टोमणे मारणं मला सहन होत नाही.

संदेशासाठी एक उतारा, एक मुद्दा. चर्चच्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात मत्तय, मार्क, लूक या शुभवर्तमानांची वर्षागणिक पाळी येते, योहान मध्ये मध्ये येतो. तो क्रम धरला की आपलीच आवडती वचनं पुन्हा पुन्हा घोळली जात नाहीत. सुरुवातीला संदेश शब्दन् शब्द लिहून काढा. यूट्यूबवरचा तयार संदेश उचलला तर लोकांना कळतंच.

आमची रविवारची उपासना हिंदीत असते, पण मराठी कुटुंबांच्या घरोघरच्या प्रार्थनासभा मराठीत होतात. नव्यांनी पहिलं पाऊल तिथे टाकावं. दहा-पंधरा ओळखीची माणसं, पेटी, टाळ आणि ना. वा. टिळकांची भजनं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपल्या भक्तीला अभंगाची चाल दिली; त्या भजनांनी सभा अशी भिजते की बोलणाऱ्याची भीड निम्मी होते.

मर्यादा पहिल्याच दिवशी समजून घ्या. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) दीक्षित पाळकाकडेच. शेवटच्या आशीर्वचनात पाळक ‘तुम्हा सर्वांबरोबर असो’ म्हणतात, त्या जागी आपण ‘आपणा सर्वांबरोबर असो’ असं स्वतःला धरून म्हणतो.

आता मंडळीच्या वडिलांना आणि कमिटीला कळकळीने सांगायचंय. प्रशिक्षण संपलं, प्रमाणपत्र दिलं आणि माणसाला एकटं सोडलं, की वर्षभरात तो गळतो. चर्चच्या दारातच पाच जणांनी पाच सूचना देऊ नयेत. अभिप्राय देणारी व्यक्ती एकच ठरवा. तिने दोन दिवसांनी घरी जाऊन चहा घेत आधी त्याचं ऐकावं, मग एकच सुधारणा सांगावी. महू-धारला जायचं बसभाडं खजिनदाराने स्वतःहून द्यावं, मागायची वेळ आणू नये. संकोचाने गप्प बसणारे फार असतात. आणि एकालाच दर रविवारी जुंपू नका. त्यालाही घरच्यांसोबत बाकावर बसून वचन ऐकायला मिळालं पाहिजे.

पुढे शिकायचं असेल तर नोकरी सोडावी लागत नाही. 1818 साली सुरू झालेल्या बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजचा ख्रिस्ती अभ्यासाचा बाह्य अभ्यासक्रम घरी राहून करता येतो. 1971पासून बेंगळुरूची टाफ्टी ही संस्था काम करणाऱ्यांसाठीच ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) शिकवते: घरी अभ्यास करायचा, आणि ठरावीक दिवशी गटात शिक्षकासोबत चर्चा. मला गट जास्त आवडतो, कारण एकट्याने वाचताना न पडणारे प्रश्न तिथे दुसरा विचारतो.

तुम्ही तयार असाल तर या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना भेटा आणि पुढच्या महिन्यातलं एक शास्त्रवाचन मागून घ्या. उतारा कुठला ते त्याच दिवशी विचारा, म्हणजे सरावाला चार शनिवार मिळतील.