कौलं उतरवायची ठरलीत? मग पत्रा की शिंगल, ते असं ठरवा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात कौलं उतरवायला पावसापेक्षा माकडंच जास्त कारण होतात. एक टोळी आढ्यावरून पळत गेली की दहा-वीस कौलं फुटलीच म्हणून समजा. शाकारणी करणारे जुने हात आता सहज मिळत नाहीत. मग उन्हाळा लागला की घरात विषय निघतो : पत्रा घालायचा की ते नवीन शिंगल, म्हणजे डांबरी तुकड्यांचं छप्पर? गोव्याकडचे बंगले बघून आलेला भाचा शिंगल म्हणतो, काका म्हणतात पत्राच बरा. दोघांचंही ऐकून घ्या, पण होकार द्यायच्या आधी शिडी लावून वर चढा.

आधी उतार मोजा

एक मीटरची सरळ पट्टी घ्या. तिचं एक टोक पाखावर, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवर, टेकवा, दुसरं टोक वळचणीच्या बाजूला हवेत धरा आणि पाणपातळीने पट्टी आडवी सपाट करा. हवेतल्या टोकापासून खाली पाखापर्यंत किती सेंटिमीटर भरतात ते टेपने मोजा. 33 किंवा त्याहून जास्त भरले तर शिंगल बिनधास्त बसतं. 17 ते 33 च्या मध्ये असेल तर शिंगलखाली जलरोधक कागदाचा दुहेरी थर लागतो. 17 च्या खाली शिंगलचा विषय सोडून द्या. पन्हळीचा पत्रा याहून कमी उतारावरही चालतो, पण आपल्याकडच्या आडव्या पावसात मी त्यालाही 18 च्या खाली जाऊ देणार नाही. जुन्या कौलारू घराला बहुधा याहून बराच जास्त उतार असतो, त्यामुळे तिथे दोन्ही बसतात. अडचण येते ती गच्चीवर नंतर काढलेल्या शेडला.

मग खाली काय आहे ते बघा

शिंगल म्हणजे फायबरग्लासच्या जाळीवर डांबराचा थर आणि त्यावर रंगीत खडीचे बारीक दाणे. हातात धरलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखं लवतं. वासे आणि रिपांवर ते टेकतच नाही, त्याला खाली सलग पृष्ठभाग हवा : प्लायवूड किंवा उताराचा स्लॅब. लोक शिंगलचा भाव विचारून येतात आणि प्लायचा विचारायचा राहून जातो. तो प्लायही साधा चालत नाही, पाण्यात टिकणारा मरीन दर्जाचा घ्यावा लागतो. कुठे एका खिळ्यातून पाणी मुरलं तर वरून काही कळत नाही, प्लाय आतून फुगत राहतो. पाठोपाठ वाळवी आहेच. म्हणून माझं मत सरळ आहे : उताराचा स्लॅब असेल तरच शिंगल, लाकडी सांगाडा असेल तर पत्रा.

वजनाचा हिशोबही करून बघा. घर 30 बाय 20 फूट, चारी बाजूंनी दोन फूट वळचण आणि उतार दोनास एक (दोन फूट आडवं गेल्यावर एक फूट खाली) धरला, तर छपराचं क्षेत्र सुमारे 910 चौरस फूट होतं. एवढ्या छपरावर मंगलोरी कौलं साधारण पावणेचार टन भरतात. शिंगल आणि त्याखालचा प्लाय मिळून पावणेदोन टनांच्या आसपास. अर्धा मिलिमीटर पत्रा जेमतेम चार-सव्वाचार क्विंटल. ऐकायला छान वाटतं, पण इतकी वर्षं कौलांच्या वजनानेच छप्पर जागेवर धरून ठेवलं होतं. वळिवाचं वारं वळचणीखाली शिरलं तर हलका पत्रा सांगाड्यासकट उचलला जातो. सांगाडा भिंतीत बोल्ट घालून आवळायचा खर्च पत्र्याच्या खर्चातच धरा.

गाव कुठलं?

कणकुंबी, जांबोटीकडे चार महिने छप्पर वाळतच नाही. तिथे शिंगलवर काळे ओघळ आणि शेवाळ येणारच. उलट अथणी, रायबागकडे पाऊस कमी आणि ऊन कडक. उन्हाने डांबर कडक होत जातं, दाणे सुटतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर पन्हाळात येऊन साचतात. कुणाचं जुनं शिंगल बघायला गेलात तर वर बघण्याआधी पन्हाळात हात घाला, मूठभर खडी निघाली तर छप्पर झिजलंय. आणखी एक प्रश्न विक्रेत्याला तोंडावर विचारा : जुलैमध्ये गळायला लागलं तर कोण येणार, आणि त्याच रंगाचे चार तुकडे कुठे मिळणार? पत्र्याचं काम करणारा फॅब्रिकेटर तालुक्याच्या गावी सापडतो.

पत्रा घेताना

दुकानात "पॉइंट फाइव्ह" म्हणतात तेव्हा त्यात रंग आणि मुलामा धरलेला असतो. आतलं लोखंड किती, ते वेगळं विचारा. साध्या जस्ताच्या मुलाम्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा जास्त टिकतो. त्यात 55 टक्के अ‍ॅल्युमिनियम, 43.4 टक्के जस्त आणि उरलेलं सिलिकॉन असतं. मुलामा चौरस मीटरला 150 ग्रॅम, म्हणजे एझेड 150, असा बिलावर लिहून घ्या. आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड लांबीचा पत्रा कापून मागवलात तर मधला सांधाच राहत नाही. फक्त तेवढ्या लांबीची गाडी तुमच्या बोळात वळते का, ते आधी बघा.

आवाजाचं काय, हे सगळे विचारतात. उघड्या पत्र्याखाली पाऊस सुरू झाला की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. खाली ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा जाड थर) घालून छत मारलं की आवाज आणि ऊन दोन्ही कमी होतात. मधे फोम असलेले पॅनेल मिळतात, ते त्याहून चांगले, पण महाग. पत्र्यावर रिपा मारून पुन्हा कौलं चढवणारेही आहेत. घर थंड राहतं, दिसतंही जुन्यासारखं, फक्त वजन आणि माकडं दोन्ही परत येतात. पत्र्याचा रंग फिकट घ्या, कमी तापतो.

काम चालू असताना तिथेच थांबा

आमच्या घरी मी थांबलो नाही. फॅब्रिकेटरने वरच ग्राइंडर चालवून पत्रे कापले. ठिणग्या रंगावर पडल्या, तापलेला कीस तिथेच चिकटला. विचारलं तर म्हणाला, "काय होत न्हाई काका, पावसात धुऊन जातंय की." श्रावणापर्यंत नव्या विटकरी पत्र्यावर तांबड्या ठिपक्यांची पुरळ उठली होती. कापाकापी खाली, छपरापासून लांब आणि शक्यतो कातरीने करायला लावा. भोकांचा कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने झाडून घ्या.

स्क्रू पन्हळीच्या खळग्यात नको, उंचवट्यावर मारायचा, कारण पाणी खळग्यातून वाहतं. त्याचा रबरी वॉशर थोडासा फुगेपर्यंतच आवळायचा. चिरडून कडेला बाहेर आला की तो उन्हात फाटणार. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पाखाच्या पूर्वेच्या टोकापासून पत्रे घालत पश्चिमेकडे यायचं. म्हणजे एकावर एक आलेल्या पत्र्यांची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. कामगार उलटीकडून सुरू करतात ते बहुतेक वेळा शिडी तिकडे लावलेली असते म्हणून.

उतरवलेली धड कौलं लगेच विकू नका. गोठा शाकारायला ती लागतातच, आणि त्या मापाची जुनी कौलं शोधत शेजारचं कुणीतरी पुढच्या मेमध्ये तुमच्या दारात येतं.