रजोनिवृत्तीपूर्व काळातील त्रास: काय सोसावे आणि काय सोसू नये

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते, आणि बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत ती वयाच्या ४५ ते ५५ या वर्षांत होते. त्याआधीच्या बदलाच्या काळाला मात्र अशी काटेकोर हद्द नसते. सरासरीने तो सुमारे चार वर्षांचा असतो, पण एखादीचा काही महिन्यांत उरकतो तर एखादीला आठ-दहा वर्षे पुरतो. या काळात बीजकोशातून दर महिन्याला बीज बाहेर पडेलच अशी खात्री उरत नाही. ज्या महिन्यात ते पडत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे स्त्री-हार्मोन पुरेसे तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन हे दुसरे हार्मोन एकसारखे उतरत न जाता कधी पूर्वीपेक्षाही वर चढते, कधी झपाट्याने खाली येते. त्यामुळे एकाच स्त्रीला एका महिन्यात स्तन दुखणे, पोट फुगल्यासारखे वाटणे आणि जास्त अंगावर जाणे असा त्रास होतो, तर पुढच्याच महिन्यात अंगातून वाफा येणे (म्हणजे झळा), घाम फुटणे आणि झोप उडणे असा. सगळ्यांवर चालेल असे एकच औषध या काळासाठी नाही ते यामुळेच. कोणता त्रास सर्वांत जास्त छळतो आहे हे आधी ओळखावे, त्याचे कारण खरोखर हेच आहे ना याची खात्री करावी आणि मग त्या त्रासापुरता उपाय करावा.

आधी नोंद ठेवावी

दोन-तीन महिने एका वहीत किंवा मोबाइलमध्ये रोजची नोंद ठेवली, तर डॉक्टरांच्या दहा मिनिटांच्या भेटीत जे सांगायचे राहून जाते ते सगळे हाताशी राहते. पाळी कोणत्या तारखेला आली, किती दिवस चालली, दिवसाला किती पॅड लागले, रक्ताच्या गाठी पडल्या का, झळा किती वेळा आल्या, रात्री कितीदा जाग आली आणि मन कसे होते, एवढे लिहिले तरी पुरते. दोन पाळ्यांमधले अंतर वारंवार सात किंवा त्याहून अधिक दिवसांनी मागेपुढे होऊ लागले की बदलाचा काळ सुरू झाला असे समजतात. साठ किंवा त्याहून जास्त दिवस पाळी न येण्याचे प्रसंग घडू लागले की तो शेवटच्या टप्प्यात आला असे समजतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या किंवा हार्मोन असलेली तांबी बसवलेल्या स्त्रियांना मात्र पाळीवरून हा अंदाज बांधता येत नाही, कारण त्यांचा रक्तस्राव त्या साधनाच्या कलाने चालतो.

वय ४५ च्या पुढे असेल आणि लक्षणे जुळत असतील, तर निदानासाठी हार्मोनची रक्ततपासणी सहसा लागत नाही. आज केलेल्या एफएसएच (बीजकोशांना चालना देणारे हार्मोन) तपासणीचा आकडा पुढच्या महिन्यात पार बदललेला असू शकतो, त्यामुळे अशा अहवालावर खर्च करून हाती फारसे काही येत नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबू लागली असेल तर मात्र तपासणी झालीच पाहिजे, आणि चाळीस ते पंचेचाळीस या वयातही ती करून घेणे योग्य. इतक्या लवकर बीजकोशांचे काम मंदावले, तर हाडे आणि हृदय यांच्या रक्षणासाठी वेगळे उपचार लागतात. थायरॉईड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (यावरून लोहाचा साठा कळतो) आणि रक्तातील साखर या तपासण्या कोणत्याही वयात उपयोगाच्या आहेत. थायरॉईडच्या बिघाडाने आणि लोहाच्या कमतरतेने थकवा, धडधड, केस गळणे, चिडचिड अशी हुबेहूब हीच लक्षणे दिसतात. पाळी चुकल्यावर गर्भधारणेची चाचणी करण्याचा संकोचही बाळगू नये.

जास्त रक्तस्राव अंगावर काढू नये

पाळी मागेपुढे होणे हे या काळाचे लक्षण आहे, पण म्हणून पाळीतला प्रत्येक बिघाड या काळामुळेच होतो असे नाही. ‘या वयात असे व्हायचेच’ हे वाक्य स्त्रियांचे जितके नुकसान करते तितके बहुधा दुसरे कोणतेही वाक्य करत नसेल. तासातासाला पॅड बदलावा लागणे आणि असे सलग दोन-तीन तास चालणे, मोठ्या गाठी पडणे, रक्तस्राव सात दिवसांहून लांबणे, पाळी वारंवार २१ दिवसांच्या आत येणे, मधल्या दिवसांत किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, यांपैकी काहीही घडले तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर ते थेंबभर असले तरी दाखवलेच पाहिजे. रक्तस्रावाबरोबर चक्कर येत असेल, दम लागत असेल किंवा भोवळ येत असेल, तर भेटीची वेळ ठरवत न बसता रुग्णालय गाठावे.

बीज बाहेर न पडलेल्या महिन्यांत प्रोजेस्टेरॉन कमी पडल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे ते अनियमितपणे, भरपूर गळते. हे एक नेहमीचे कारण. पण गर्भाशयातल्या गाठी म्हणजे फायब्रॉईड, अस्तरावरचे पॉलिप, अस्तर स्नायूंमध्ये शिरून गर्भाशय सुजणे, आणि कधीकधी अस्तरातले कर्करोगाकडे झुकणारे बदल हीही कारणे असू शकतात. सोनोग्राफी त्यासाठीच करतात. वय ४५ च्या पुढे असेल तर अस्तराचा छोटा नमुना घेऊन तपासण्याचा सल्ला डॉक्टर बहुधा देतात. लठ्ठपणा, मधुमेह किंवा पीसीओएस (हार्मोनच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्या स्त्रियांनी तर तो टाळूच नये.

कारण समजले की पर्याय बरेच असतात. ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड किंवा मेफेनॅमिक अॅसिड या गोळ्या केवळ रक्तस्रावाच्या दिवसांत घेतात आणि त्यांनी प्रमाण कमी होते; मात्र रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास असलेल्यांनी ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड डॉक्टरांना तो इतिहास सांगितल्याशिवाय घेऊ नये. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारी तांबी गर्भाशयात बसवली की अस्तर पातळ राहते, रक्तस्राव खूप घटतो आणि गर्भनिरोधही साधतो. माझ्या मते ज्या स्त्रियांना गर्भाशय काढण्याचा सल्ला थेट दिला जातो, त्यांनी या तांबीविषयी आवर्जून विचारावे. गर्भाशय काढणे काही जणींसाठी आवश्यक असतेच, पण तो सहसा पहिला उपाय नसतो. शस्त्रक्रिया ठरलीच तर बीजकोश ठेवणार की काढणार हे आधी स्पष्ट विचारून घ्यावे, कारण दोन्ही बीजकोश काढले तर हळूहळू व्हायचा बदल एका दिवसात होतो आणि झळांचा त्रास अधिक तीव्र असतो.

खूप अंगावर जात असेल तर लोहाचा साठा तपासावा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन खाली गेलेले असू शकते, आणि ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिलेला थकवा लोहाच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत हटू लागतो.

झळा आणि रात्रीचा घाम

शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात असते. इस्ट्रोजेन घटू लागले की हे केंद्र फार हळवे होते आणि तापमान किंचित वाढले तरी त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून, घाम आणून शरीर थंड करू पाहते. झळ साधारण एक ते पाच मिनिटे टिकते, आणि ती ओसरल्यावर अनेकींना हुडहुडी भरते. अमेरिकेत स्त्रियांच्या मोठ्या गटाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासात, वारंवार झळा येणाऱ्या निम्म्या स्त्रियांना त्या सात वर्षांहून अधिक काळ येत राहिल्या असे आढळले. ‘थोडे दिवस सहन करा’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे.

सैल सुती कपडे, एकावर एक असे घालावेत की वरचा पटकन उतरवता येईल. झोपायची खोली थंड ठेवावी, उशाशी पाणी आणि पंखा असावा. मद्य, फार गरम पेये किंवा तिखट यांनंतर झळा येतात असे नोंदीत दिसले तर त्यांचे प्रमाण कमी करावे. या गोष्टींनी झळ सुसह्य होते, पण झळांची संख्या कमी होईलच याचा भक्कम पुरावा नाही. वजन जास्त असल्यास ते घटवणे, विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी सीबीटी ही मानसोपचाराची पद्धत आणि तज्ज्ञांकडून दिले जाणारे संमोहन यांचा उपयोग होतो याचे पुरावे मात्र आहेत. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्लॅक कोहॉश या वनस्पतीच्या किंवा सोयाच्या गोळ्यांबाबत तसे म्हणता येत नाही. त्यांवर पैसे घालवण्याआधी तेच पैसे चांगल्या तज्ज्ञांच्या भेटीवर खर्च करणे शहाणपणाचे ठरेल.

झळांवर सर्वांत परिणामकारक उपाय हार्मोन उपचार हाच आहे, आणि त्याच्याविषयीची भीतीही सर्वांत मोठी आहे. या भीतीचा उगम बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या संशोधनाच्या २००२ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत आहे. त्यात भाग घेणाऱ्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे पन्नाशीच्या आसपास झळांनी बेजार झालेल्या स्त्रियांपेक्षा त्यांची परिस्थिती वेगळी होती. साठीच्या आतल्या, किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षे उलटलेली नसलेल्या आणि अन्यथा निरोगी असलेल्या बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत या उपचाराचा फायदा जोखमीपेक्षा जास्त असतो, असे आज तज्ज्ञ मानतात. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनच्या गटातले औषध घ्यावेच लागते, नाहीतर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ही दोन्ही औषधे एकत्र जितकी वर्षे चालतात तसतसा स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढत जातो, हेही लपवण्याचे कारण नाही. त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल यांत रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा यकृताचा गंभीर आजार झालेल्या स्त्रियांना, तसेच रक्तस्रावाचे कारण अजून न कळलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत.

अशा स्त्रियांसाठी नैराश्यावरची काही औषधे कमी मात्रेत, गॅबापेंटिन, ऑक्सिब्युटिनिन आणि २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फेझोलिनेटंट हे पर्याय आहेत. फेझोलिनेटंट घेताना यकृताच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात. स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन चालू असेल तर नैराश्यावरच्या औषधांपैकी पॅरॉक्सेटिन टाळतात, कारण त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होतो. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी ती अशा गोष्टींसाठी.

झोप, मन आणि विसराळूपणा

झोप मोडण्याचे कारण शोधल्याशिवाय झोपेची गोळी घेऊ नये. घामाने जाग येत असेल तर उपचार झळांचा हवा. काळजीने डोळा लागत नसेल तर निद्रानाशासाठी असलेला सीबीटीचा प्रकार गोळीपेक्षा टिकाऊ ठरतो. आणि जोरात घोरणे, सकाळी डोके जड असणे, दिवसा पेंग येणे हे असेल तर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार तपासावा, कारण या वयात तो स्त्रियांमध्येही वाढतो. मद्याने झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर ती तुकड्या-तुकड्यांची होते.

ज्यांना पूर्वी पाळीच्या आधी मन फार खचण्याचा किंवा बाळंतपणानंतर नैराश्याचा त्रास झाला असेल, त्यांनी या वर्षांत अधिक सावध असावे. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी टिकली, कशातच रस वाटेनासा झाला तर ते निव्वळ चिडचिडेपण समजू नये, आणि जीव नकोसा वाटण्याचे विचार आले तर त्याच दिवशी घरातल्या कोणालातरी आणि डॉक्टरांना सांगावे. नावे न आठवणे, बोलताना शब्द न सापडणे यांनी अनेकजणी घाबरतात; हा विसराळूपणा बहुधा तात्पुरता असतो आणि झोप सुधारली की तोही कमी होतो.

जे सांगायला संकोच वाटतो ते

झळा काळाबरोबर कमी होतात. योनिमार्गाचा कोरडेपणा मात्र उपचाराविना आपोआप जात नाही, उलट वाढत जातो. शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे, खाज, वारंवार लघवीला लागणे आणि पुन्हा पुन्हा होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग यांचे मूळ अनेकदा यातच असते. संबंधाच्या वेळी वंगण आणि एरवी योनिमार्गात लावायचे मॉइश्चरायझर वापरून पाहावे. तेवढ्याने भागले नाही तर अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन असलेले मलम किंवा गोळी त्या जागी वापरतात, ज्यातले हार्मोन रक्तात फार थोडे उतरते. साबण आणि सुगंधी द्रव्ये तिथे लावू नयेत.

गर्भधारणेची शक्यताही या काळात पूर्ण संपलेली नसते. वय पन्नाशीच्या आत असेल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधक वापरावे. हार्मोन उपचार हे गर्भनिरोधक नव्हे.

हाडांची झीज शेवटच्या पाळीच्या सुमारास सर्वांत वेगाने होते, आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉलही याच वेळी वाढू लागते; दोन्ही न दुखता होतात म्हणून दुर्लक्षिली जातात. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि किमान दोनदा वजन उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम, आहारातून मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास ती भरून काढणे, धूम्रपान सोडणे आणि रक्तदाब व कोलेस्टेरॉलची नियमित तपासणी एवढे तरी करावे.

कोणताही उपचार सुरू केला की साधारण तीन महिन्यांनी पुन्हा डॉक्टरांना भेटावे आणि नोंदवही बरोबर न्यावी. हार्मोन उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत मधेच थोडे रक्त दिसणे नवे नाही, पण सहा महिन्यांनंतरही ते चालू राहिले किंवा थांबून पुन्हा सुरू झाले तर गर्भाशयाची तपासणी नव्याने करून घ्यावी.