लॉन मोवर दगडावर आपटून बंद पडला? दोरी ओढायच्या आधी या चुका टाळा

गवत कापता कापता पातं दगडाला, खुंटाला नाहीतर जमिनीत पुरलेल्या पाइपला धडकतं, खाडकन आवाज होतो आणि इंजिन जागच्या जागी बंद. त्यानंतर जवळजवळ सगळे एकच गोष्ट करतात, लगेच दोरी ओढायला लागतात, आणि नाही झालं चालू की प्लग बदल, कार्बोरेटर साफ कर, पेट्रोल नवीन भर असं सगळं करत बसतात. पण जरा विचार करा, मशीन एका सेकंदापूर्वी मस्त चालत होतं, मग त्याच क्षणी पेट्रोल कसं खराब होईल? धडकेनंतर बिघाड शोधायचा तो आधी पातं, शाफ्ट (म्हणजे क्रँकशाफ्ट किंवा नुसतं क्रँक, इंजिनचा तो दांडा ज्याच्या खालच्या टोकाला पातं बसतं) आणि फ्लायव्हील (त्याच दांड्याच्या वरच्या टोकावरचं जड चाक) या रांगेत, इंधनाचा नंबर बराच नंतर येतो.

चूक पहिली: प्लगची वायर न काढता पात्याला हात लावणं

याला अपवाद नाही. वायर प्लगवरून काढा आणि प्लगपासून लांब ठेवा, तेवढ्यासाठी अर्धा मिनिट लागतो. पातं हाताने फिरवलं की क्रँक फिरतो, फ्लायव्हील फिरतं आणि ठिणगी पडू शकते, बोटं जायला एक फेरा पुरेसा आहे. अडकलेलं पातं सोडवताना तर जास्तच सांभाळा, ते सुटल्याबरोबर झटका देतं. जाड हातमोजे घाला.

चूक दुसरी: मशीन कुठल्याही बाजूला आडवं करणं

खाली बघायचं म्हणून मशीन पटकन कलंडवलं जातं, आणि कार्बोरेटर नि एअर फिल्टर खालच्या बाजूला गेले की ऑइल सगळं फिल्टरमध्ये. मग इंजिन चालू होत नाही किंवा झालंच तर पांढऱ्या धुराचा लोट येतो, आणि माणसाला वाटतं धडकेने इंजिन गेलं. एअर फिल्टर कायम वर राहील असंच कलंडवा. पेट्रोलची टाकी आधी रिकामी केलेली बरी.

चूक तिसरी, आणि सगळ्यात मोठी: "ठिणगी येतेय ना, मग इग्निशन ठीक आहे"

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण धडकेनंतर चालू न होणाऱ्या मशीनमध्ये सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो इथेच. फ्लायव्हील क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसतं आणि त्या दोघांच्या खाचांमध्ये एक छोटीशी चावी असते, म्हणजे दोघांना जुळवून ठेवणारा धातूचा तुकडा, बऱ्याच मशीनमध्ये मऊ धातूचा. पातं धडकतं तेव्हा क्रँक एकदम थांबतो, पण जड फ्लायव्हील त्याच वेगात पुढे जायला बघतं (फुल थ्रॉटलला हे इंजिन मिनिटाला साधारण ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०), आणि मधल्या मध्ये चावी कापली जाते. आता ठिणगी कधी पडणार हे फ्लायव्हीलमधलं लोहचुंबक कॉइलसमोरून (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागासमोरून) कधी जातं त्यावर ठरतं. फ्लायव्हील क्रँकवर थोडंसं जरी सरकलं तरी ठिणगी चुकीच्या वेळी पडते. म्हणजे ठिणगी आहे, पेट्रोल आहे, कॉम्प्रेशन आहे आणि तरीही इंजिन चालू होत नाही, दोरी हातातून उलटी हिसकते, सायलेन्सरमधून नाहीतर कार्बोरेटरमधून फटाका वाजतो. ही लक्षणं दिसली की कार्बोरेटर उघडू नका, फ्लायव्हील उघडा.

वरचं कव्हर आणि नट काढलात की बऱ्याच इंजिनमध्ये शाफ्टची खाच आणि फ्लायव्हीलची खाच वरूनच दिसतात, त्या सरळ एका रेषेत हव्यात. पण वरून ठीक वाटलं म्हणून परत बंद करू नका, चावी अर्धवट कापलेली असते, तिच्या मधोमध बारीक पायरी पडलेली असते आणि ती फ्लायव्हील काढल्याशिवाय नीट कळत नाही. पायरी अगदी नखाला जाणवण्याइतकी असली तरी चावी बदला.

फ्लायव्हील काढायला पुलर (ते शाफ्टवरून ओढून काढायचं अवजार) वापरा. पंख्याच्या पात्यांमध्ये स्क्रू ड्रायव्हर अडकवून नट सोडवणं, चुंबकावर हातोडी मारणं, हे करून चांगलं फ्लायव्हील तोडलं जातं. आणि "परत कापली जायला नको" म्हणून स्टीलची चावी ठोकून बसवायची नाही, त्या इंजिनसाठी असते तीच घ्या. खरं म्हणजे चालताना फ्लायव्हीलला चावी धरून ठेवत नाही, ते निमुळत्या भागाच्या पकडीवर टिकतं, चावी फक्त जागा जुळवते. त्यामुळे तो भाग कोरडा आणि स्वच्छ पुसा, तिथे ऑइल किंवा ग्रीस लावू नका, आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच मोजक्या जोराने, आवळा. नट ढिला राहिला तर नवीन चावीसुद्धा जाते, दगड लागो न लागो.

चूक चौथी: मशीन चालू झालं म्हणून थरथर खपवून घेणं

चालू झालं पण हँडल आधीपेक्षा जास्त थरथरतंय तर लगेच बंद करा. पातं वाकलंय, पात्याचा हब (पातं शाफ्टला जोडणारा तुकडा) फिरलाय नाहीतर क्रँकच वाकलाय. घरच्या घरी ओळखायची सोपी पद्धत आहे: डेकच्या (पात्यावरच्या पत्र्याच्या कव्हरच्या) कडेला एक खूण करा, पात्याचं एक टोक तिथे आणून कडेपासूनची उंची मोजा, मग दुसरं टोक तिथेच आणून मोजा. फरक आला तर पातं काढून अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवा आणि परत मोजा. उंच टोक पात्याबरोबर फिरलं तर पातं वाकलंय, उंचपणा शाफ्टच्या त्याच बाजूला राहिला तर शाफ्ट किंवा हब. मग पातं आणि हब दोन्ही उतरवा, प्लग काढून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी दोरी हळू ओढायला सांगून शाफ्टचं टोक बघा, डुगडुगलं तर क्रँक वाकलाय.

वाकलेला क्रँक ठोकून सरळ करून देणारे लोक भेटतात. करू नका, मनापासून सांगतोय. आत बारीक तडा गेलेला असला तर डोळ्याला दिसत नाही, आणि असा शाफ्ट चालताना तुटला की पातं कुठल्या दिशेला जाईल सांगता येत नाही. क्रँक बदलायचा खर्च आणि नवीन इंजिन यांचा हिशोब करा, कित्येकदा साध्या मोवरला क्रँक बदलणं परवडतच नाही. वाकलेलं पातंही सरळ करायचं नाही, पातं आणि त्याचा बोल्ट नवीन टाका.

दोरी हलतच नसेल तर

आधी हँडलवरचा ब्रेकचा दांडा दाबून धरलाय का बघा, तो सोडलेला असला की फ्लायव्हीलचा ब्रेक लागलेला राहतो आणि इंजिन जाम वाटतं. मग पातं डेकला घासतंय का, काही अडकलंय का ते पहा. सगळं मोकळं असूनही हलत नसेल तर जोर लावू नका, आतलं काहीतरी तुटलंय. याच्या उलट, दोरी अगदी फुकट ओढली जातेय, कॉम्प्रेशनचा दाब अजिबात जाणवत नाही, तर इंजिनच्या आतल्या कनेक्टिंग रॉड किंवा कॅम या भागांकडे संशय जातो, आणि तिथे मेकॅनिककडे नेणंच बरं.

जाता जाता इंजिनच्या खालच्या बाजूला, शाफ्ट बाहेर येतो तिथे ऑइल गळतंय का आणि इंजिन डेकला धरणारे बोल्ट ढिले झालेत का, त्यांच्या आजूबाजूला तडा गेलाय का हे बॅटरी लावून बघा. सील फाटलं असेल तर नुसतं सील बदलून उपयोग नाही, वाकलेला शाफ्ट नवीन सीलही खाऊन टाकतो. बसून चालवायच्या मोठ्या मोवरमध्ये गोष्ट जरा वेगळी असते, तिथे मधे बेल्ट असल्यामुळे झटका इंजिनपर्यंत कमी पोचतो आणि बहुतेक वेळा पात्याचा स्पिंडल (पातं ज्यावर फिरतं तो वेगळा दांडा) वाकतो, त्यामुळे तिथे फ्लायव्हील उघडण्याआधी स्पिंडल हाताने फिरवून बघा.