औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र: विदर्भातील गावातून अध्यापन आणि सल्लागारी कशी करावी

कामाची जागा आणि तिथे काम करणाऱ्या माणसांचे वर्तन अभ्यासणाऱ्या या शाखेत अध्यापन आणि सल्लागारी एकाच व्यक्तीने करावी, असे माझे ठाम मत आहे; कारण केवळ वर्गात शिकवणाऱ्याजवळ पुस्तकातलीच उदाहरणे उरतात आणि केवळ सल्ला देणाऱ्याची आपलाच सल्ला तपासून पाहण्याची सवय मोडते.

पात्रतेचा मार्ग सरळ आहे. मानसशास्त्रात बी.ए. केल्यावर एम.ए.ला किमान ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गांसाठी ५० टक्के) गुण मिळवावेत, नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे आणि पुढे पीएच.डी. करावी. मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, या शाखेला लागत नाही. म्हणूनच उपचाराची गरज दिसलेल्या कामगाराला योग्य तज्ज्ञाकडे पाठवावे, स्वतः उपचार करू नयेत.

अभ्यासात अहमदाबादच्या प्रयोगाला अवश्य वेळ द्यावा. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेचे ए. के. राईस यांनी तेथील कॅलिको मिलमध्ये एकेकट्याने सुटी कामे करणाऱ्या कामगारांचे गट बांधून ठरावीक मागांची जबाबदारी त्या गटांवर सोपवली, तेव्हा उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले.

पहिले काम जवळच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात) किंवा भात गिरणीत मिळवावे. मात्र पहिल्याच दिवशी प्रश्नावली वाटू नये. कापसातली कवडी (खराब कापूस) आणि कचरा वेचणाऱ्या बायांजवळ मुकादम उभा असेल, तर "मले काहून इचारता जी, मुकादमाले इचारा ना" एवढेच उत्तर मिळते. आधी काही पाळ्या नुसते निरीक्षण करावे, मग मुकादमाच्या नजरेआड एकेकीशी बोलावे आणि प्रश्न स्वतः वाचून दाखवावेत. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेले सूत्र येथे उपयोगी पडते: कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचा अधिकार नगण्य असेल, तेथे ताण सर्वाधिक असतो. त्यामुळे कामाच्या वेगासोबतच विश्रांती केव्हा घ्यायची हे कोण ठरवते, हेही विचारावे.

गोपनीयता हा गावातील सर्वांत अवघड भाग आहे. नाव गाळले तरी वय आणि माहेर लिहिताच बाई कोण ते सगळ्यांना कळते; म्हणून अहवालात असे तपशील देऊ नयेत आणि लहान गटांचे निष्कर्ष वेगळे दाखवू नयेत. व्यक्तिगत उत्तरे मालकाला मिळणार नाहीत, हे करारात आधीच लिहून घ्यावे. "कामचोर कोण, तेवढं सांगा" अशी मालकाची अट असेल, तर ते काम नाकारावे. माहिती संशोधनात वापरायची असल्यास नैतिकता समितीची मान्यता आणि प्रत्येक कामगाराची स्वतंत्र संमती घ्यावी. मालकाची परवानगी म्हणजे कामगाराची संमती नव्हे. महाविद्यालयात नोकरी असल्यास मानधन स्वीकारण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी.

अहवाल मराठीत आणि थोडक्यात लिहावा व त्यातले मुख्य निष्कर्ष कामगारांनाही सांगावेत. पुढच्या हंगामात सल्ल्यानुसार बदल केलेल्या आणि न केलेल्या पाळीतील गैरहजेरी व अपघातांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. फरक पडला नसेल, तर तेही मालकाला आणि शोधनिबंधात तितक्याच स्पष्टपणे लिहावे.