गच्चीवर राक्षस कसा उभा करायचा

अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघायच्या. बाबांच्या खांद्यावरून मी राक्षसाचा जबडा उघडताना-मिटताना पाहायचे. दोरी स्पष्ट दिसायची, तरी पोटात गोळा यायचा. जुने स्वस्तातले राक्षसपट मला आवडतात ते त्यामुळेच. १९५३च्या ‘रोबॉट मॉन्स्टर’मधला परग्रहवासी म्हणजे गोरिलाचा पोशाख आणि वर पाणबुड्याचं शिरस्त्राण; पोशाखही त्या नटाच्याच मालकीचा. पैसे नव्हते, पण राक्षस हवाच होता! ही हौस मला फार मोलाची वाटते.

मे महिन्यात भाचरं आली की आम्ही गच्चीवर असाच एक प्रसंग शूट करतो.

घरं मिठाईच्या खोक्यांची, एक मजला पाच इंचांचा. म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाची. भिंत पडायची असेल तर ती मागून ब्लेडने अर्धवट कापून ठेवा. राक्षस म्हणजे कोपरापर्यंतचा जुना मोजा, त्यावर फेविकॉलने पिस्त्याची टरफलं. खालून वर, कौलांसारखी एकावर एक लावत जा आणि रात्रभर वाळू द्या. घाई केली की बोटं वळवताच खवले गळतात.

आता मुख्य गोष्ट, वेग. पहिल्या वर्षी आमची इमारत खेळण्यासारखी पटकन कोसळली, मुलं हिरमुसली. पंचवीसपट लहान वस्तू पाचपट लवकर पडते, कारण पंचविसाचं वर्गमूळ पाच. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सने, म्हणजे २४ चित्रांनी चालतो. म्हणून २४ गुणिले ५, फोनचा स्लो मोशन सेकंदाला १२० फ्रेम्सवर ठेवा आणि एडिटिंगमध्ये २४च्या गतीने चालवा. १९५४च्या ‘गोजिरा’तही, म्हणजे मूळ जपानी गॉडझिलापटातही, कॅमेऱ्यातली फिल्म जास्त वेगाने फिरवूनच पोशाखातल्या माणसाच्या पावलांना वजन आणलं होतं.

फोन उलटा धरा, लेन्स जमिनीला टेकली पाहिजे. ऊन सकाळचं घ्या. ट्यूबलाइटमध्ये चित्र लुकलुकतं. धुळीसाठी चाळलेली मुलतानी माती.

पळणाऱ्यांनी हसायचं नाही. एकाने जरी दात काढले तरी राक्षस पुन्हा मोजा होतो.

गर्जनेला आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो. गोजिराची गर्जना राळ लावलेला चामड्याचा हातमोजा कॉन्ट्राबास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारांवर घासून काढली होती. आमच्याकडे धाकटी भाची तांब्याच्या हंड्यात तोंड घालून ओरडते, ते आम्ही अर्ध्या गतीने लावतो.