जड पॉपर मारताना कोपर, मनगट आणि खांदा कसा सांभाळावा

कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. उधाणाच्या दिवसांत हौशी गरवणारेही खडकावर फारसे फिरकत नाहीत, रॉड माळ्यावर पडून राहतात. पुढे पाणी निवळलं की पहिल्याच मोकळ्या रविवारी १०० ग्रॅमचा पॉपर (पाण्यावर आवाज करत ओढायचा खोटा मासा) बांधून पहाटेपासून दुपारपर्यंत कास्ट मारले जातात, म्हणजे तो रॉडने लांब फेकला जातो. सोमवारी चहाचा कप उचलताना कोपरात कळ येते आणि दोष दिला जातो तो लागलेल्या माशाला.

माशाशी झुंज दहा मिनिटांची असते. हात जातो तो त्याआधीच्या कामात. एक कास्ट मारून पॉपर परत आणायला साधारण दोन मिनिटं लागतात, म्हणजे तासाला तीस कास्ट आणि चार तासांत सव्वाशेच्या घरात. प्रत्येक फेरीत पॉपरला पंधरा झटके धरले तर अठराशे झटके होतात. हे सगळं साधारण एक किलोचा रॉड-रील हातात धरून, आणि तोंडाने पाणी अडवणारा पॉपर समोर ओढत. स्नायू दोन दिवसांत सावरतो. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा मात्र सावकाश बळकट होते, कारण तिला रक्तपुरवठा कमी असतो. दोन-तीन महिने आराम केलेल्या कंडरेवर एका सकाळी एवढा भार टाकला की ती दुखावते.

पहिलं काम: दुखतं कुठे ते बोटाने दाखवा

"हात दुखतो" एवढ्याने भागत नाही, कारण प्रत्येक दुखण्यामागे वेगळी चूक असते.

कोपराच्या बाहेरच्या हाडावर दाबलं की दुखतं, तळहात खाली ठेवून भरलेला तांब्या उचलता येत नाही, ओलं फडकं पिळताना चमक निघते, तर तो टेनिस एल्बो समजावा. मनगट वर वाकवून रॉड आवळून धरल्याने तो होतो, आणि गरवणाऱ्यांत नेहमी दिसतो तो हाच.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर गोल्फर्स एल्बो. कास्ट सोडताना मनगटाचा फटका मारणाऱ्यांना तो होतो.

अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीकडे झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला झणका बसला तर अंगठ्याच्या कंडरांचं आवरण सुजलेलं असण्याची शक्यता आहे. बेटकास्टर रीलचा स्पूल (लाइन गुंडाळलेली फिरती चक्री) अंगठ्याने दाबणाऱ्यांनी हे जरूर तपासावं.

हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात खांदा दुखतो आणि पूर्ण वर गेल्यावर बरं वाटतं, तर खांद्याच्या टोपीखालची कंडरा चेपली जाते आहे. डोक्यावरून सरळ, एका हाताच्या जोरावर कास्ट मारल्याने हे होतं.

सामान जुळवा

रॉडवर ल्यूरच्या, म्हणजे पॉपरसारख्या खोट्या आमिषाच्या, वजनाची मर्यादा लिहिलेली असते. कमाल आकड्याच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास राहा. १४० ग्रॅमपर्यंतच्या रॉडला १०० ग्रॅमचा पॉपर सुखाने जातो. त्याच रॉडवर ४० ग्रॅम बांधला तर रॉड वाकतच नाही आणि लांबी काढायला सगळा जोर दंडातून लावावा लागतो. म्हणजे ल्यूर हलका असूनही हात दुखू शकतो, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

खडकावरून गरवायचं असेल तर कोकणात बहुतेक वेळा ४० ते ६० ग्रॅम पुरतात. त्यासाठी ५००० किंवा ६००० साइजचं रील घ्या. १४००० चं रील ६५०-७०० ग्रॅमचं असतं, लहान रील त्याहून दोन-अडीचशे ग्रॅमनी हलकं. अंदमानला जीटीसाठी (जायंट ट्रेव्हॅली या मोठ्या माशासाठी) घेतलेला भारी सेट वसूल करायचा म्हणून मालवणच्या खडकावर वापरण्यात शहाणपण नाही.

लाइन गरजेपेक्षा जाड नको. पीई हा विणलेल्या लाइनच्या जाडीचा क्रमांक. पीई ८ ची जाडी साधारण ०.४७ मिलिमीटर, पीई ५ ची ०.३७. बारीक लाइन गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) कमी घासते आणि तेवढ्याच जोरात लांब जाते. स्पूल काठापासून दोन-तीन मिलिमीटर राहील इतका भरा. अर्धा रिकामा स्पूल लांबी खातो आणि ती कमतरता आपण खांद्याने भरून काढतो. लीडरची (लाइनच्या टोकाला जोडलेल्या जाड दोऱ्याची) गाठ बारीक, एफजी पद्धतीची असावी. जाडी गाठ दर कास्टला गाइडवर आपटते.

आता रॉडची मूठ. रॉड धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहात यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. बोट मावत नसेल तर मूठ बारीक आहे, आणि बारीक मूठ जास्त आवळावी लागते. त्यावर टेनिसची ओव्हरग्रिप गुंडाळा किंवा क्रिकेट बॅटची रबरी ग्रिप चढवा. खर्च किरकोळ, फरक मोठा. रीलच्या हँडलला गोल, मोठा नॉब असू द्या, चिमटीत धरायचा नको.

कास्ट: दोन हात, दोन पाय

हे उजव्या हाताने मारणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी उलट करावं.

१. डावा पाय पुढे, अंगाचा भार मागच्या उजव्या पायावर. खडक ओला असेल तर आधी पाय घट्ट रोवा, घसरणारा पाय कास्टचा सगळा ताण कमरेवर ढकलतो.

२. रॉडच्या टोकापासून ल्यूर ६० ते ९० सेंटिमीटर खाली लोंबू द्या. टोकाला चिकटलेला जड ल्यूर रॉडला वाकवत नाही, हाताला हिसका देतो.

३. रीलचा पाय (रॉडला बसणारा दांडा) मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मध्ये घ्या. मनगट कोपरापुढच्या हाताच्या रेषेत सरळ असावं. तर्जनीवर लाइन येते, तिथे चामड्याचं बोटमोजं घाला. कापलेलं बोट वाचवायला माणूस पकड बदलतो आणि मग मनगट वाकतं.

४. रॉड मागे न्या आणि ल्यूरचं वजन टोकावर जाणवेपर्यंत क्षणभर थांबा. उजवं कोपर खांद्याच्या उंचीपेक्षा वर जाऊ देऊ नका.

५. भार पुढच्या पायावर आणत कंबर फिरवा. उजवा हात पुढे ढकलतो आणि त्याच वेळी बटवरचा (रॉडच्या मागच्या टोकावरचा) डावा हात बरगडीकडे जोरात ओढतो. निम्मं काम या डाव्या हाताचं आहे. तो नुसता टेकवून ठेवला तर सगळा भार उजव्या खांद्यावर आणि मनगटावर येतो.

६. साधारण ४५ अंशांवर लाइन सोडा आणि रॉड ल्यूरच्या मागे जाऊ द्या. हात मधेच करकचून थांबवला की तो धक्का थेट कोपरात जातो.

ल्यूर पुढ्यातच आपटला तर लाइन उशिरा सुटली, आभाळात गेला तर लवकर. दोन्ही वेळा उपाय जोर वाढवण्यात नाही. समोरून वारा असेल तर जागा बदला किंवा निमुळता, जड जिग (धातूचा ल्यूर) बांधा. रुंद तोंडाचा पॉपर वाऱ्यात ढकलून चार मीटर जास्त मिळतील, पण त्याची किंमत खांदा मोजतो.

पॉपर ओढताना

खरी दुखापत इथे घडते. बहुतेक जण रॉड पोटासमोर उंच धरून मनगटाने झटके देतात. त्याऐवजी रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा, बट काखेत किंवा मांडीच्या वरच्या बाजूला टेकवा आणि कंबर फिरवून ओढा. विहिरीतून पोहरा ओढताना आपण अंग मागे टाकतो, तसंच. पुढचा हात फक्त आकड्यासारखा अडकवलेला राहील. प्रत्येक झटक्यानंतर ढिली लाइन गुंडाळताना मूठ सैल करा. पाच सेकंदांची ही सैल मूठ दिवसभरात फार मोठी विश्रांती ठरते.

दहा फेऱ्या पॉपरच्या झाल्या की दहा स्टिकबेटच्या (लांबट, निमुळत्या ल्यूरच्या) करा. स्टिकबेट पाणी अडवत नाही, लांब संथ ओढीने चालतो, आणि पुष्कळदा मासाही त्यालाच लागतो.

किती कास्ट?

मोसमाच्या सुरुवातीला एका वेळी ४० पुरे, मध्ये किमान दोन दिवसांचा खंड. पुढे दर आठवड्याला साधारण चौथा हिस्सा वाढवा. दर ३० कास्टनंतर पाच मिनिटं रॉड खाली. बोटीवर दोघं असाल तर आळीपाळीने पंधरा-पंधरा मिनिटं मारा. अंदमानची चार-पाच दिवसांची ट्रिप ठरली असेल तर खाली दिलेला व्यायाम सहा ते आठ आठवडे आधी सुरू करा. तिथे रोज सकाळ-संध्याकाळ मारायचं असतं आणि पैसे भरलेले असल्यामुळे कोणीच थांबत नाही.

दुखायला लागलं तर

दुखणं शून्य ते दहा मोजा. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी विरत असेल तर सांभाळून चालू ठेवता येतं. पाचच्या वर गेलं तर त्या दिवशी रॉड बॅगेत. अंगावर काढलेलं दुखणं तीन आठवड्यांऐवजी सहा महिने मुक्कामाला राहतं.

पहिले दोन-तीन दिवस कास्टिंग बंद, पण हात गळ्यात बांधून ठेवू नका. हलकी हालचाल हवी. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. टेनिस एल्बोचा पट्टा हाडावर बांधायचा नसतो. तो दुखऱ्या हाडाच्या दोन बोटं खाली, हाताच्या मांसल भागावर बांधा. खाली एक बोट सरकेल इतकाच घट्ट हवा, झोपताना काढायचा. तेल लावून दुखऱ्या हाडावर रगडून घेतल्याने त्रास वाढतो, आणि हाड सरकलेलं नसल्यामुळे ते "बसवून" घेण्यातही अर्थ नाही. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड, रक्तदाब किंवा अल्सरचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

कोपरासाठी मुख्य व्यायाम असा. हात टेबलावर, तळहात खाली, मनगट काठाबाहेर. मुठीत पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली, म्हणजे साधारण अर्धा किलो. दुसऱ्या हाताने ती वर उचलून द्या आणि दुखऱ्या हाताने चार सेकंद मोजत सावकाश खाली न्या. १५ वेळा, असे तीन फेरे, दिवसातून एकदा, किमान सहा आठवडे. खाली नेतानाच दुखत असेल तर सुरुवातीला बाटली ३० ते ४५ सेकंद नुसती स्थिर धरा, पाचदा. आतल्या बाजूच्या दुखण्याला हेच, तळहात वर करून.

खांद्यासाठी रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधा. कोपर काटकोनात, बरगडी आणि कोपराच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी. ती पडू न देता हात बाहेर फिरवा, १२ वेळा, तीन फेरे. अंगठ्याच्या दुखण्याला मात्र आधी विश्रांती आणि अंगठा स्थिर ठेवणारा स्प्लिंट, व्यायाम नंतर.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने टेनिस एल्बो काही आठवडे थंड पडतो. पण वर्षभराने पाहिलं तर इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट असल्याचं आढळलं आहे. ट्रिप तोंडावर आली म्हणून ते घेणं महागात पडू शकतं.

रात्री झोपमोड होणारं दुखणं, करंगळी-अनामिकेला मुंग्या, "टक्" असा आवाज होऊन हात वर न उचलता येणं, सांधा लाल आणि गरम होणं, यातलं काही असेल तर घरगुती उपाय सोडून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. मधुमेहींनी आखडलेला खांदा आणि अडकणारं बोट लवकर दाखवावं, त्यांच्यात दोन्हींचं प्रमाण जास्त असतं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनचा कोर्स चालू असेल किंवा नुकताच संपला असेल तर जड ल्यूर काही आठवडे बाजूला ठेवा. ही औषधं कंडरा कमकुवत करू शकतात.

परत कधी सुरू करायचं? कोपर सरळ ठेवून दोन्ही हातांनी आळीपाळीने मूठ पूर्ण आवळा. दुखऱ्या हाताची पकड दुसऱ्याच्या बरोबरीची वाटली आणि कळ आली नाही, तर ४० ग्रॅमने २० कास्ट मारा आणि दुसरी सकाळ पाहा. सकाळी त्रास नसेल तर पुढच्या खेपेला ३० कास्ट. वजन वाढवायचं ते कास्टचा आकडा ६० वर पोहोचल्यावर, आणि वजन वाढवाल त्या दिवशी आकडा पुन्हा निम्म्यावर आणा.